धबधबा पाहायला जा, पण खिडकीशी बसा

तुमचा मुलगा किंवा मुलगी सोलापूरला कॉलेजात शिकत असेल, तर श्रावणात एखाद्या आठवड्याला घरी निरोप येतो : "या शनिवारी गावी येत नाही. आम्ही सगळे आंबोलीचा धबधबा बघायला चाललोय. थोडे पैसे लागतील." वडील म्हणतात, "पाणी पडताना बघायला एवढा खर्च कशाला?" आई म्हणते, "घाटात पाऊस फार, जपून जा गं बाई." दोघांचेही बरोबर आहे. तरीही आम्ही म्हणू, जाऊ द्या. फक्त एक अट घाला. एसटीत झोपायचे नाही. खिडकीशी बसून बाहेरचे पीक बघत जायचे.

भल्या पहाटे कोल्हापूरची गाडी धरली की मंगळवेढ्याची काळी, भारी जमीन लागते. श्रावणात यातली बरीच राने मोकळी दिसतील. येथील ज्वारी रब्बीची, परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारी. पुढे सांगोल्याला हलक्या रानात डाळिंबाच्या बागा. मिरज-सांगलीला कृष्णाकाठचा ऊस. कोल्हापुरात गाडी बदलून सावंतवाडीच्या वाटेला लागले की आजऱ्याकडे भाताची खाचरे, घनसाळ तांदळाचा मुलूख. मंगळवेढ्याची ज्वारी, सोलापूरचे डाळिंब आणि आजऱ्याचा घनसाळ, तिन्हींना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. संध्याकाळी आंबोलीला उतरावे, तो चहूकडे दाट रान आणि धुके. एका दिवसात मुलाने पाऊस कसा वाढत जातो ते पिकांवरून वाचलेले असते.

असे का होते? अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर ओलांडून आपल्याकडे येतो तो बहुतेक कोरडा वारा. सोलापूरच्या वाट्याला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर.

रविवारी सकाळी घाटातला मोठा धबधबा पाहावा. ते पाणी कोकणात उतरून समुद्राला जाते. मग आंबोलीतच हिरण्यकेशीच्या उगमावर जावे. ही नदी मात्र पूर्वेला वळते, आजरा-गडहिंग्लजवरून पुढे घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला मिळते. आपली भीमाही भीमाशंकरच्या डोंगरात जन्मते आणि रायचूरजवळ कृष्णेलाच मिळते. उजनीत साठते ते पाणी मुख्यतः वरच्या मावळातले, हे त्या उगमावर उभे राहिले की मुलांना नीट उमजते.

आता आईच्या काळजीविषयी. ओढ्याला लोंढा कसा येतो हे तुम्हांला ठाऊक आहे. तेच मुलांना सांगा. पाऊस वर डोंगरात पडतो आणि खाली ऊन असतानाही पाणी चढते. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की तत्काळ बाहेर निघावे. शेवाळलेल्या दगडावर पाय देऊ नये. डोहात उतरू नये. वरून शांत दिसणारा डोह खाली ओढतो. फोटोसाठी कठड्याबाहेर जाऊ नये. परतीच्या गाडीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवावी.

ज्यांना दोन दिवस जमत नाहीत त्यांनी नळदुर्ग पाहावा. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला पन्नासेक किलोमीटर. किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही काळातला दगडी बंधारा आहे, त्याच्या पोटात पाणीमहाल. नदी भरली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. कमी पावसाच्या मुलखातल्या माणसांनी पाणी अडवले आणि त्यातून ही शोभा उभी राहिली!

मुले परतली की त्यांना जवळ बसवून एक हिशेब करायला सांगा. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला तर सुमारे चार हजार लिटर पाणी होते. म्हणजे पाचशे मिलिमीटरचे एकरी वीस लाख लिटर. आपल्याही रानावर एवढे पाणी पडते. त्यातले किती मुरते आणि किती जाते?

मग भाद्रपदात मोठी सर आली की त्यांना बांधावर घेऊन जा. फुटलेल्या बांधावरून गढूळ पाणी खालच्या ओढ्यात कोसळत असेल. हाही धबधबाच, पण आपली माती नेणारा. आंबोलीचा पाहून आलेल्या पोराच्या हातात त्या दिवशी खोरे द्या. तिकिटाचे पैसे वसूल होतील.