अंगणांतील पाणी आणि प्लास्टिकची हिरवळ

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें समुद्रकांठीं किंवा खाडीच्या तीरावर आहेत, आणि ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत अंगणांत सांचणारें पाणी त्यांच्या नित्य परिचयाचें आहे. अलीकडे या चिखलावर उपाय म्हणून कित्येक गृहस्थ प्लास्टिकची कृत्रिम हिरवळ आणून अंगणभर अंथरूं लागले आहेत. हा उपाय कितपत खरा आहे, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या माहितीच्या एका कुटुंबानें कोंकणांतील आपल्या वडिलोपार्जित घरापुढें वैशाखांत अशी हिरवळ घातली. गणेशचतुर्थीस मंडळी मुंबईहून घरीं आली, तेव्हां ती ओल्या घोंगडीसारखी पाण्यावर फुगली होती आणि तिच्याखालीं कुजलेल्या पानांची दुर्गंधी सुटली होती. सर्वांत वाईट म्हणजे, अंगणांतील घाण पाणी लोटून शेजारच्या विहिरींत उतरलें होतें. त्या विहिरीवर तीन घरें पाणी भरतात. सणाचे दिवस, घरांत पाहुणे, आणि पाणी मात्र उकळल्यावांचून पितां येईना! शेजाऱ्यांचे शब्द ऐकावे लागले तें निराळेंच.

पूर्वींच्या अंगणाची रचना आठवून पाहावी. पाऊस सरला कीं अंगण खणून, पाणी शिंपडून, चोपण्यानें चोपीत आणि शेणानें सारवीत. हें काम दरवर्षीं होत असल्यामुळें अंगणास उतारही दरवर्षीं नवा मिळे. भोंवतालचा गडगा नुसता दगडावर दगड रचलेला असे; त्याच्या फटींतून पाणी सहज निघून जाई. आतां अंगणांत सिमेंटच्या लाद्या बसल्या, गडग्याच्या जागीं चिऱ्यांची पक्की भिंत आली, आणि भिंत बांधतांना पाण्यास वाट ठेवावयाची बहुधा राहून जाते. अशा रीतीनें अंगणाची परात बनते. वर हिरवळ घातली म्हणून परातीचें चाळण होत नाहीं.

पाणी तरी किती असतें? तीस फूट लांब व वीस फूट रुंद अंगणांत शंभर मिलिमीटर, म्हणजे सुमारें चार इंच, पाऊस पडला तर साडेपांच हजार लिटरांहून अधिक पाणी होतें. छपराच्या पागोळ्यांचें त्याखेरीज. कोंकणांत आषाढांत एका दिवसांत इतका पाऊस होणें नवलाचें नव्हे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. विद्यार्थ्यांनीं आपल्या अंगणाचें गणित स्वतः करून पाहावें.

वाळूंत पाणी लवकर मुरतें, मग पुळणीवरच्या अंगणांतही तें कां सांचावें, असें कोणी विचारील. समुद्राजवळ जमिनीखालील पाण्याची पातळी मुळांतच उथळ असते. पावसाळ्यांत ती वर येते, आणि किनाऱ्यालगत भरतीबरोबर आणखी थोडी उचलली जाते. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें असल्यामुळें त्यावर तरंगत राहतें. किनाऱ्यावरील विहिरींस गोडें पाणी लागतें तें याच कारणानें. भरल्या घड्यांत आणखी पाणी कोठून मावणार? म्हणून शोषखड्ड्यावर पैसा घालण्यापूर्वीं भर पावसाळ्यांत दोन हात खोल खणून पाहावें. खड्ड्यांत आपोआप पाणी उभें राहिलें, तर शोषखड्डा व्यर्थ समजावा. पाणी उतारानेंच बाहेर न्यावें लागेल.

हा उतार घराकडून बाहेर, दर दहा फुटांस निदान दीड इंच असावा. पागोळ्यांचें पाणी पन्हळींत धरून परस्पर न्यावें, म्हणजे अंगणावरचा बराच भार हलका होतो. अंगणाच्या खालच्या कडेस चर खणावा, त्यांत पाणी झिरपूं देणारें जिओटेक्स्टाइल कापड अंथरावें, भोंकांचा नळ ठेवून खडी भरावी आणि कापडाच्या कडा वर दुमडाव्या. कापड नसेल तर वाळू व माती खडींत शिरून चर मरतो. अशा चरास फ्रेंच ड्रेन म्हणतात. यांत फ्रान्स देशाचा कांहीं संबंध नाहीं. १८५९ सालीं शेतजमिनीच्या निचऱ्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या हेन्री फ्लॅग फ्रेंच या अमेरिकन गृहस्थाचें तें नांव आहे. नळ खाडीकडे निघत असल्यास तोंडाशीं एकाच बाजूस उघडणारी झडप हवी. नाहींतर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास खाडीच अंगणांत यावयाची. नळाचें तोंड शेजाऱ्याच्या आवारांत काढूं नये, हें कोंकणांतील वाचकांस सांगण्याची गरज नसावी.

एवढें झाल्यावर हिरवळीचा विचार. ही वस्तु प्रथम मोठ्या प्रमाणावर घातली गेली ती एका शाळेंतच: १९६४ सालीं अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स शहरीं, मोझेस ब्राउन शाळेंत. १९६६ सालीं ह्यूस्टन येथील छप्पर असलेल्या क्रीडागृहांत खरें गवत मेल्यामुळें ती घातली गेली, आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकांत हॉकीचे सामने तिच्यावर झाले. मातीच्या मैदानावर वाढलेला आपला संघ त्या वेळीं सातवा आला.

हिरवळीखालीं माती नव्हे, तर चोपून बसविलेली सुमारें चार इंच खडी व वर बारीक कच हवी, आणि त्यांसही तोच उतार हवा. पात्यांत भरावयाची वाळू धुतलेली असावी. पुळणीवरची खारट वाळू आणूं नये. साधे लोखंडी खिळे खाऱ्या हवेंत लवकर गंजतात, म्हणून ते न गंजणाऱ्या पोलादाचे घ्यावे. इतकें करूनही चैत्र-वैशाखांतील उन्हांत ही हिरवळ इतकी तापते कीं मुलांस अनवाणी पाय ठेववत नाहीं, आणि झिजलेल्या पात्यांचा चुरा पाण्याबरोबर खाडींत जातो. आमच्या मतें संबंध अंगण तिनें झांकणें योग्य नव्हे.

वर सांगितलेल्या कुटुंबानें पुढील उन्हाळ्यांत भिंतीस तळाशीं भोंकें पाडलीं, विहिरीच्या उलट दिशेस चर काढला, आणि ओटीपुढें सांवलींत दहा फूट तेवढी हिरवळ ठेविली. बाकीचें अंगण पुन्हां चोपून घेतलें. त्या पावसाळ्यांत विहीर निर्मळ राहिली. चराच्या तोंडाशीं मात्र आंब्याचीं पानें अडकतात. तीं काढण्याचें काम घरांतील धाकट्या मुलाकडे आहे, आणि मृग लागला कीं आजी त्यास त्याची आठवण करून देते.