थायलंडच्या बीचवर जायचंय? आधी किनारा ठरवा, मग तारीख

थायलंडला जायला चांगला सीझन कोणता, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बँकॉकपुरतं ते बरोबर आहे, पण बीचसाठी जाणार असाल तर अर्धवट आहे. नोव्हेंबरमध्ये को समुईला गेलात, तर तिथला वर्षातला सर्वांत पावसाळी महिना तुमच्या वाट्याला येतो. उलट जुलैमध्ये फुकेतचा समुद्र खवळलेला असतो, तेव्हा समुईचं पाणी बहुतेक दिवस शांत असतं. ही दोन्ही बेटं एकाच देशात आहेत आणि त्यांच्यात विमानाचा जेमतेम तासाभराचा प्रवास आहे.

असं का होतं?

नकाशात थायलंडचा दक्षिण भाग हत्तीच्या सोंडेसारखा खाली लोंबताना दिसतो. या सोंडेच्या पश्चिमेला अंदमान समुद्र आहे आणि पूर्वेला थायलंडचं आखात. सर्वांत अरुंद जागी दोन्हींमधलं अंतर अवघं ४४ किलोमीटर आहे. मधून डोंगररांगा जातात.

साधारण मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नैऋत्य मोसमी वारे वाहतात. ते अंदमान समुद्रावरून येतात आणि पश्चिम किनाऱ्याला झोडपतात. डोंगराआडच्या पूर्व किनाऱ्याला तुलनेनं कमी पाऊस मिळतो. कोकणात धो-धो आणि घाटापलीकडे रिमझिम, हे आपण दरवर्षी पाहतो, तसंच हे.

ऑक्टोबरनंतर वारा दिशा बदलतो आणि ईशान्येकडून येऊ लागतो. उत्तर थायलंडसाठी तो कोरडा आणि थंड असतो. पण आखातावरून जाताना तो बाष्प उचलतो आणि समुईच्या बाजूला रिता होतो. चेन्नईला नोव्हेंबरमध्ये पाऊस पडतो तो याच ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे.

कोणता किनारा कसा आहे?

थायलंडमधल्या बीचच्या ठिकाणांचे ढोबळमानानं तीन गट पडतात. नावातल्या ‘को’चा अर्थ बेट.

अंदमान किनारा: फुकेत, क्राबी, फी फी, को लांता, खाओ लाक. समुद्रातून सरळ वर आलेले चुनखडीचे कडे इथे दिसतात. क्राबीजवळचा रायले बीच मुख्य भूमीवर असूनही कड्यांमुळे तिथे फक्त बोटीनंच जाता येतं. भरती-ओहोटीचा फरक इथे मोठा असतो. काही किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी लांब जातं आणि चिखल उघडा पडतो.

आखातातली बेटं: को समुई, को फंगान, को ताओ. नारळाच्या बागा आणि उथळ पाणी ही यांची ओळख. को ताओ स्कुबा डायव्हिंग शिकण्यासाठी प्रसिद्ध आहे.

बँकॉकच्या जवळचे किनारे: पूर्वेला पटाया, को समेत आणि कंबोडियाच्या सीमेकडे को चांग, पश्चिमेला हुआ हिन. पटाया मच्छीमारांचं गाव होतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिक सुट्टीसाठी येऊ लागले आणि त्याचं रूप बदललं. हुआ हिनचा इतिहास वेगळा आहे. रेल्वे आल्यावर बँकॉकच्या राजघराण्यानं आणि श्रीमंतांनी तिथे उन्हाळी बंगले बांधले. तिथल्या राजवाड्याच्या नावाचा, क्लाय कांगवोनचा, अर्थच ‘काळजीपासून दूर’ असा आहे.

आपल्या सुट्ट्यांचं गणित कसं बसवायचं?

मे महिना: पहिल्या पंधरवड्यात फुकेत-क्राबीला जाणं चालू शकतं, नंतर धोका वाढतो. मेअखेर आणि जूनसाठी समुईकडची बेटं अधिक भरवशाची.

१५ ऑगस्ट किंवा गणपतीची जोडसुट्टी: समुई, फंगान, ताओ. को चांग मात्र टाळा. आखातात असूनही तिथे या काळात जोरदार पाऊस असतो.

दिवाळी: ती ऑक्टोबरमध्ये आली तर जवळपास सगळीकडेच पावसाची शक्यता धरून चला. नोव्हेंबरमध्ये आली तर अंदमान किनारा उघडू लागलेला असतो, पटाया-समेतही चांगलं. समुई नको.

नाताळ: अंदमान किनारा उत्तम, पण सर्वांत महाग. समुईला पाऊस डिसेंबरमध्येही रेंगाळतो.

फेब्रुवारी-मार्च: सगळे किनारे चांगले. मुलांच्या परीक्षा आडव्या येत नसतील तर हाच काळ निवडा.

पावसाळ्यात स्वस्त मिळतं, मग काय बिघडलं?

पाऊस ही खरी अडचण नाही. तो बहुतेकदा सरीसरीनं पडतो आणि मध्ये ऊन येतं. खरी अडचण समुद्राची आहे. फुकेतचे पातोंग, कारोन, काता हे बीच पश्चिमेकडे तोंड करून आहेत. पावसाळ्यात तिथे लाटा थेट येतात आणि परतणाऱ्या पाण्याचे जोरदार प्रवाह तयार होतात. वरून पाणी शांत दिसतं, पण पोहणाऱ्याला ते आत ओढतं. कोकणातल्या किनाऱ्यांवर दरवर्षी पर्यटक बुडतात, त्यामागेही अनेकदा असाच प्रवाह असतो.

म्हणून लाल झेंडा दिसला की गुडघाभर पाण्यातही उतरू नका. प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका, त्यात दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहातून बाहेर पडा आणि मग वळा. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा.

दुसरा मुद्दा बोटींचा. समुद्र खवळला की बेटांच्या सहली ऐनवेळी रद्द होतात. सिमिलान बेटांचं राष्ट्रीय उद्यान तर दरवर्षी मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतं. ‘द बीच’ या चित्रपटामुळे गाजलेला माया बे प्रवाळाच्या नुकसानीमुळे २०१८ मध्ये बंद केला गेला आणि २०२२ च्या जानेवारीत पुन्हा उघडला. आता तिथे पोहायला मनाई आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो बंद ठेवला जातो.

हॉटेलचा पूल, मसाज आणि खाणंपिणं एवढाच बेत असेल, तर पावसाळ्यातलं फुकेत स्वस्तात मस्त आहे. पण मुलांना समुद्रात खेळायचं असेल, तर वाचलेले पैसे कामाचे नाहीत.

पैसे भरण्याआधी टूर कंपनीला तीन गोष्टी विचारा. आमच्या तारखांना त्या किनाऱ्यावर पोहता येतं का? बोटीची सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतील की फक्त तारीख बदलून मिळेल? आणि पॅकेजमधली बेटं त्या महिन्यात उघडी असतात का? उत्तरं लेखी घ्या. व्हॉट्सअॅपवर आली तरी चालतील.