छोट्या ट्रॅक्टरसाठी मागील पात्याची निवड : पूर्णगड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडावयाचे पाते हे थंड हवामानाच्या देशांत प्रामुख्याने बर्फ दूर सारण्यासाठी वापरले जाते. कोकण किनारपट्टीवर तेच अवजार पावसाने वाहून आलेली माती हटविणे, वाटा सारख्या करणे व भातखाचरे समतल करणे यासाठी उपयुक्त ठरते. तथापि बर्फ आणि ओली जांभी माती यांच्या गुणधर्मांत मूलभूत भेद असल्यामुळे निवडीचे निकषही बदलतात. प्रस्तुत लेखात या निकषांचे विवेचन केले आहे.

कळीचे शब्द : मागील पाते, छोटा ट्रॅक्टर, जांभी माती, ओढशक्ती, जलनिस्सारण.

प्रस्तावना

रत्नागिरी तालुक्यातील पूर्णगड हे गाव मुचकुंदी नदीच्या मुखाशी वसलेले आहे. टेकडीवर किल्ला, एका बाजूस खाडी व दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र अशी येथील रचना आहे. रत्नागिरी परिसरात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जांभ्या खडकाचे सडे, त्यांच्या उतारावरील आंबा-काजूच्या बागा आणि पायथ्याची भातखाचरे असे किनारपट्टीचे सर्वसाधारण भूरूप आहे. अशा उतारावर पावसाचे पाणी माती व खडी घेऊन खाली येते आणि ती बागेच्या वाटेवर, वाडीच्या रस्त्यावर अथवा गटारात साचते.

हे काम परंपरेने फावडे व घमेल्याने होत आले. मात्र मनुष्यबळाची टंचाई आणि १५ ते २५ अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरांची उपलब्धता यांमुळे आता यंत्राचा विचार होऊ लागला आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढ्या लहान क्षेत्राच्या शेतकऱ्याने एकदा केलेली चुकीची खरेदी वर्षानुवर्षे खळ्यात गंजत पडते. म्हणूनच या निवडीचा शास्त्रीय विचार आवश्यक ठरतो.

अवजाराची रचना

बाजारात रिअर ब्लेड, लेव्हलिंग ब्लेड किंवा टेरेसर ब्लेड या नावांनी मिळणारे हे अवजार म्हणजे किंचित वक्र असा पोलादी पत्रा होय. तो ट्रॅक्टरच्या मागील तीन बिंदूंच्या जोडणीवर बसतो व हायड्रॉलिक लिफ्टने वर-खाली होतो. चांगल्या पात्यात तीन प्रकारचे बदल करता येतात. पहिला, पाते आडव्या पातळीत तिरके वळविणे. यामुळे माती एका बाजूस सरकत जाते. दुसरा, पात्याचे एक टोक खाली झुकविणे. याचा उपयोग चर काढण्यासाठी होतो. तिसरा, पाते मध्यापासून एका बाजूस सरकविणे. यामुळे बांधाच्या अथवा गडग्याच्या कडेपर्यंत पोहोचता येते. पाते पूर्ण उलटे फिरविता आल्यास त्याची पाठ मातीवर येते. ते जमीन कमी कापते आणि पसरलेली माती सारखी करण्यास उपयोगी पडते.

बर्फ आणि माती : मूलभूत भेद

या अवजाराविषयी उपलब्ध असलेली बरीच माहिती बर्फाळ प्रदेशांतील अनुभवावर आधारित आहे. तेथे रुंद पाते घ्यावे असा सल्ला सामान्यतः दिला जातो, कारण ताज्या बर्फाचे वजन घनमीटरला सुमारे ५० ते १५० किलो एवढेच असते. ओल्या मातीचे वजन मात्र घनमीटरला १८०० ते २००० किलो भरते.

एक उदाहरण घेऊ. १.२ मीटर रुंद पात्यापुढे ३० सेंटिमीटर उंच व ४० सेंटिमीटर पायाचा त्रिकोणी ढीग साचला, तर त्याचे आकारमान ०.०७२ घनमीटर होते. तो ढीग ताज्या बर्फाचा असल्यास वजन सुमारे ७ किलो, तर ओल्या मातीचा असल्यास सुमारे १३० किलो भरेल. पाते १.५ मीटरचे असेल तर मातीचे वजन १६० किलोवर जाते.

आता ट्रॅक्टरची बाजू पाहू. ८०० किलो वजनाच्या चारचाकी ओढीच्या ट्रॅक्टरला निसरड्या जमिनीवर स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे २६५ किलो ओढ मिळते असे गृहीत धरू. दहास एक या प्रमाणातील चढावर त्यातील सुमारे ८० किलो ओढ केवळ स्वतःचे वजन वर नेण्यात खर्च होते. उरलेल्या ओढीतून ढीग सरकविणे आणि खालची माती कापणे ही दोन्ही कामे व्हावयाची असतात. चाके जागच्या जागी फिरू लागतात ती इंजिनाची अश्वशक्ती संपल्यामुळे नव्हे, तर पकड संपल्यामुळे. म्हणून केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावरून पात्याची रुंदी ठरविणे योग्य नाही.

निवडीचे निकष

१. रुंदी : पाते तिरके केल्यानंतरही ट्रॅक्टरच्या मागील चाकांची बाहेरची रुंदी झाकली गेली पाहिजे, अन्यथा सरकवलेली माती पुन्हा चाकाखाली येते. चार फुटी, म्हणजे १२२ सेंटिमीटरचे पाते ३० अंशांत वळविल्यास त्याची प्रत्यक्ष रुंदी सुमारे १०६ सेंटिमीटर उरते, तर ४५ अंशांत ८६ सेंटिमीटर. पाच फुटी पात्याच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे १३२ व १०८ सेंटिमीटर असे येतात. म्हणून आधी चाकांची बाहेरची रुंदी मोजावी आणि ३० अंशांतही ती झाकणारे सर्वांत लहान पाते निवडावे. याहून अधिक रुंदी मातीच्या कामात केवळ भार वाढविते.

२. वजन : बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांची लिफ्ट अवजार उचलते, परंतु ते खाली दाबत नाही. पाते जमिनीत शिरते ते स्वतःच्या वजनाने व कोनामुळे. घट्ट बसलेल्या जांभ्या मुरुमावर हलके पाते नुसतेच घसरत जाते. टॉप लिंकची लांबी बदलून पात्याचा कोन व शिरण्याची खोली काही प्रमाणात बदलता येते, परंतु या उपायाला मर्यादा आहे. उलटपक्षी पाते अतिजड असल्यास ते उचलताच पुढची चाके हलकी होतात आणि स्टीअरिंगचा ताबा सुटतो. एकूण वजनाचा किमान पाचवा भाग पुढील चाकांवर राहिला पाहिजे, हा सर्वमान्य दंडक होय. आवश्यक तेथे पुढे वजने लावावीत.

३. जोडणी : पात्याच्या पिना ट्रॅक्टरच्या जोडणीशी जुळतात काय, हे खरेदीपूर्वी तपासावे. प्रचलित पहिल्या श्रेणीच्या जोडणीत खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या व वरची पिन १९ मिलिमीटरची असते. अगदी लहान ट्रॅक्टरांवर खालच्या दोन बाहूंमधील अंतर कमी असते. त्यामुळे पिना जुळल्या तरी चौकट बसेलच असे नाही.

४. धार : जांभा दगड पोलाद झपाट्याने झिजवितो. म्हणून बोल्टने बसविलेली, बदलता येणारी व दोन्ही कडांनी वापरता येणारी धार असावी. पत्र्यालाच वेल्ड केलेली धार झिजल्यावर संपूर्ण पाते दुरुस्तीस न्यावे लागते. डांबरी अथवा काँक्रीटच्या वाटेवर काम करावयाचे असल्यास पात्याखाली उंची राखणारे बूट असावेत. त्यांमुळे पृष्ठभाग खरवडला जात नाही.

५. गंजरोधन : समुद्रालगतच्या खाऱ्या हवेत पोलाद लवकर गंजते. काम संपताच पाते गोड्या पाण्याने धुणे, फिरत्या सांध्यांना ग्रीस देणे, उघड्या धारेला तेल लावणे आणि अवजार जमिनीवर न ठेवता लाकडी ओंडक्यांवर ठेवणे हितावह आहे.

वापरातील दक्षता

मागील पात्याने ढकलण्यापेक्षा ओढणे सुरक्षित असते. ट्रॅक्टर मागे घेत जोराने ढकलल्यास जोडणीचे बाहू वाकण्याचा संभव असतो. वाटेत रुतलेला दगड अथवा चिरा लागल्यास झटका थेट जोडणीवर येतो; म्हणून वेग चालण्याच्या गतीइतकाच ठेवावा. उतारावर आडवे न जाता वरून खाली काम करावे आणि पावसाने भिजलेल्या बांधाच्या कडेपासून दूर राहावे. चालकाच्या संरक्षणासाठी उलटरोधक चौकट व सीटबेल्ट असणे इष्ट होय.

दरड हे मात्र या अवजाराचे काम नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहरात साचलेला गाळ असो वा घाटातील दरड असो, तेथे जेसीबीसारखी अवजड यंत्रेच लागतात. छोट्या पात्याचे क्षेत्र म्हणजे काही इंच जाडीचा, वारंवार साचणारा थर होय.

हटविलेल्या मातीचा प्रश्न

बर्फ कडेला लोटला की काही दिवसांनी वितळून जातो. माती वितळत नाही. पात्याने ती गटारात लोटली, तर गटार तुंबते आणि पुढील सरीचे पाणी त्याच वाटेवरून वाहू लागते. म्हणजेच वाट साफ करण्याच्या कृतीतूनच वाट पुन्हा खराब होण्याची व्यवस्था होते. म्हणून पाते नेहमी गटाराच्या विरुद्ध बाजूस, शक्यतो वरच्या अंगास, वळविता आले पाहिजे. उजव्या व डाव्या अशा दोन्ही दिशांना वळणारे पाते घेण्यामागील खरे कारण हेच आहे.

शिवाय वाटेवर आलेली ही माती बहुधा बागेतील सुपीक वरचा थर असते. कातळावर मातीचा थर मुळातच पातळ असतो. ती माती खाडीकडे जाऊ देण्यापेक्षा वेगळी रचून, पाऊस ओसरल्यावर कलमांच्या आळ्यांत परत घालणे श्रेयस्कर ठरते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पूर्णगडसारख्या परिसरात मागील पात्याची निवड करताना रुंदीचा मोह टाळून चाके झाकण्यापुरती रुंदी, पुरेसे वजन, बदलता येणारी धार आणि दोन्ही बाजूंना वळण्याची सोय या चार गोष्टींना प्राधान्य द्यावे. वर्षातून मोजकेच दिवस लागणारे हे अवजार प्रत्येकाने स्वतंत्रपणे घेण्याऐवजी बचतगटाने अथवा वाडीने सामाईकपणे घेतल्यास खर्चाचा भार विभागला जाईल. मात्र सामाईक खरेदीपूर्वी वाडीतील सर्व ट्रॅक्टरांची चाके व जोडणी मोजून घ्यावी. दुकानातील पात्याचे मोल त्याच्या फुटांवर ठरते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते ठरते पाऊस पडून गेल्यावर गटार मोकळे व माती बागेत राहिली काय, यावर.