मंदावलेल्या खेळाची चौकशी

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर या गावी, मे महिन्याच्या ऐन उन्हात, भाच्याच्या जुन्या संगणकाची जी तपासणी आम्ही मामा-भाच्यांनी मिळून केली, तिचा तपशील नमूद करून ठेवावा असे मला मनापासून वाटते. कारण यंत्र मंदावले की वयाकडे बोट दाखवून त्याला बडतर्फ करण्याचा जो शिरस्ता आज सर्वत्र पडला आहे, त्यात पुष्कळदा निरपराध यंत्राचा बळी जातो.

हा संगणक कुठल्याशा कचेरीतून बाद होऊन आलेला, इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर आय-थ्री प्रोसेसरचा, म्हणजे २०११ च्या सुमाराचा होता; आत ४ जीबी रॅमची एकच पट्टी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड मुळीच नाही. खेळ होता २००५ साली संगणकावर आलेला ‘जीटीए सॅन अँड्रियास’, जो या यंत्राच्या ऐपतीबाहेरचा खचित नव्हता. “मामा, गेम लई अटकायलाय,” एवढीच भाच्याची फिर्याद होती. दाजींचा संशय विजेवर, कारण शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातले दिवे मंदावतात. परंतु संगणकाचा एसएमपीएस विवक्षित मर्यादेपर्यंत आतील दाब स्थिर राखतो, आणि ती मर्यादा सुटली की यंत्र एकाएकी बंद पडते किंवा पुन्हा सुरू होते, हळूहळू मंदावत नाही. तेव्हा विजेला आम्ही आरोपातून मुक्त केले.

अशा चौकशीत पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नसून ‘केव्हा बिघडते’ हा असावा, असे माझे मत आहे. भाच्याला वही घेऊन बसवले, आणि खेळ कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी अडखळतो ते तो लिहीत गेला, तेव्हा एका नावाखाली दोन निरनिराळे विकार नांदत असल्याचे उघड झाले: प्रारंभी खेळ सुरळीत चाले आणि काही वेळाने सर्वच चित्र जड होई, हा एक, आणि गाडी शहराच्या नव्या भागात शिरताच क्षणभर सारे गोठून जाई, हा दुसरा.

पहिल्याचा पुरावा तापमानाने दिला. खेळ चालू असता प्रोसेसर नव्वद अंशांपलीकडे जाऊन शंभराला टेकत होता, आणि तेथे पोचताच स्वसंरक्षणार्थ आपली गती ३.१ गिगाहर्ट्झवरून जवळजवळ निम्म्यावर आणीत होता. पंखा प्रोसेसरला खोलीतल्याच हवेने निववतो. त्यामुळे पंचवीस अंशांच्या शहरी खोलीत जो संगणक निभावून जातो, तोच पत्र्याखालच्या चाळीस अंशांच्या खोलीत जवळजवळ त्या फरकाइतकाच अधिक तापतो, ही गोष्ट मराठवाड्यात तरी विसरून चालत नाही. झाकण उघडले तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू यांचा दाट थर बसलेला. पंख्याचे पाते बोटाने अडवून ब्लोअर मारला, चारही खिळे फिरवून हीटसिंक उचलला, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट स्पिरिटने पुसली, मटकीच्या दाण्याएवढी नवी लावली, आणि खिळे समोरासमोरच्या जोड्यांनी दाबून बसवले; एका बाजूने दाबत गेल्यास दुसरी बाजू उचलली जाते. त्यानंतर पारा सत्तरीतच रेंगाळला आणि गती ढळली नाही. ज्या गावाने चक्राकार पायऱ्यांची आपली प्राचीन बारव श्रमदानाने साफ केली, त्या गावात जुनी वस्तू मोडीत काढण्यापूर्वी आधी झाडून पाहावी हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

दुसरा विकार टास्क मॅनेजरमध्ये दिसला. गाडी नव्या भागात शिरली की हार्ड डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर जाऊन बसे, कारण खेळ तेथल्या इमारती डिस्कवरून मागवीत असतानाच अँटिव्हायरसची तपासणी आणि अपडेटची उतरवणी तिच्याच दारी रांग लावून उभी राही. ती दोन्ही कामे रात्रीवर ढकलली. रॅमची आणखी एक ४ जीबींची पट्टी बसवली. जेथे ग्राफिक्स कार्ड नसते तेथे चित्राचे कामही मुख्य स्मृतीतूनच चालते, आणि १३३३ च्या डीडीआर-थ्री पट्ट्या दोन खोबणींत जोडीने बसल्या की सेकंदाला सुमारे १०.६ जीबींची वाट २१.३ जीबींची होते. मात्र या साऱ्या उपायांपैकी आम्ही एका वेळी एकच करून, मध्ये खेळ चालवून, वहीत नोंदून मगच पुढचा हाती घेतला; सर्व एकदम केले असते तर गुण कशाचा आला हे कळण्यास मार्ग उरला नसता.

आता भाच्याची दृष्टी २०१५ च्या ‘जीटीए फाइव्ह’कडे लागली आहे, आणि तेथे मी त्याला स्पष्ट नकार दिला, कारण त्या खेळाला किमान १ जीबी स्मृतीचे ग्राफिक्स कार्ड लागते आणि या अरुंद कचेरी-पेटीत आखूड कार्डाखेरीज दुसरे मावत नाही. एसएसडीने चित्राची गती वाढणार नाही, केवळ डिस्कपायी येणारे अडथळे जातील, हेही त्याला सांगितले आहे. ते समजून घेऊनच त्याने आधी एसएसडी घेण्याचे ठरवले आहे.