रीळ गेलं, खेळ चालूच आहे: थिएटरकडून शिकण्यासारखे धंद्याचे धडे



"सर, मोबाईल आला, ऑनलाइन आलं, आता एआय आलं. आपला धंदा टिकेल का?" माझ्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. शिवणकाम करणाऱ्या ताई विचारतात, फोटो स्टुडिओवाले दादा विचारतात, झेरॉक्सचं दुकान टाकायचं म्हणणारा मुलगाही विचारतो. अशा वेळी मी सिनेमा थिएटरचं उदाहरण देतो. एक तर सिनेमाला जायला मला मनापासून आवडतं. आणि दुसरं म्हणजे तिकीट काढून आत गेल्यावर माझं लक्ष पडद्यावर कमी आणि कॅन्टीनच्या गल्ल्याकडे जास्त असतं! धंदा शिकवणाऱ्याची खोड, दुसरं काय.

तर चला, थिएटरकडे जरा व्यवसाय म्हणून बघूया.

१. मशीन बदलतं, गरज बदलत नाही

७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला. ३ मे १९१३ ला दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्याजवळ बसून तबला-पेटी वाजवणारे वादक खेळात रंग भरायचे. मग १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलायला लागला. थिएटरमध्ये वाजवणाऱ्यांचं काम गेलं.

पण संगीत संपलं का? उलट वाढलं. गाण्यांचे सिनेमे आले, स्टुडिओंना वादक लागायला लागले. काम संपलं नाही, कामाची जागा बदलली.

प्रभात फिल्म कंपनी बघा. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली ती मूकपट काढणारी कंपनी म्हणून. दोनच वर्षांत बोलपट आला. प्रभातने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला हलली. आपण मूकपट विकत नाही, गोष्ट विकतो, हे ज्याला कळलं, त्याला आवाजाची भीती वाटली नाही.

२. हातातलं कसब नेमकं कोणतं, ते ओळखा

जुन्या थिएटरची प्रोजेक्टर रूम तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. पत्र्याच्या डब्यांतून रिळं यायची. ३५ मिलिमीटरची फिल्म, सेकंदाला २४ चित्रं. दोन हजार फुटांचं एक रीळ साधारण २२ मिनिटं चालायचं. एक संपत आलं की दुसऱ्या प्रोजेक्टरवर पुढचं रीळ अचूक क्षणी सुरू करायचं. चुकलं की खालून शिट्ट्या! फिल्म तुटली तर अंधारातच जोडायची. हे काम करणारा ऑपरेटर म्हणजे पक्का कारागीर.

मग डिजिटल आलं. सिनेमा हार्ड डिस्कवर किंवा सॅटेलाइटने यायला लागला. सकाळी सर्व्हरवर दिवसभराचे खेळ लावून ठेवले की झालं. तीस-तीस वर्षं रिळं चढवणाऱ्या माणसाचं काम काही महिन्यांत हातातून गेलं. ही गोष्ट सोपी नाही मित्रांनो. घर चालवणाऱ्या माणसाचा हा प्रश्न आहे, आणि "बदला नाहीतर संपाल" असं व्यासपीठावरून सांगून तो सुटत नाही.

पण एक लक्षात घ्या. त्या ऑपरेटरला फक्त रीळ चढवता येत नव्हतं. त्याला वायरिंग कळायचं, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर कळायचे, लाइट गेली की जनरेटर कळायचा. आणि खेळ वेळेवर सुरू झालाच पाहिजे, ही शिस्त अंगात होती. रीळ गेलं तरी या गोष्टींना आजही बाजार आहे. मंगल कार्यालयं, साउंड सिस्टीम, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर, सगळीकडे हेच लागतं. म्हणून "मी अमुक मशीन चालवतो" एवढीच स्वतःची ओळख ठेवू नका.

३. गर्दी कशाने येते आणि पैसा कशातून मिळतो?

लोक येतात सिनेमासाठी. पण तिकिटाचा पैसा सगळा थिएटरवाल्याचा नसतो. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात वाद होऊन जो करार झाला, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा ठरला होता. पॉपकॉर्नच्या पैशात मात्र वितरक वाटा मागत नाही.

साधं गणित करू, कर बाजूला ठेवून. समजा ८० लोकांनी १५० रुपयांची तिकिटं काढली. झाले १२ हजार. निम्मे गेले, उरले ६ हजार. आता त्यातल्या ४० जणांनी १०० रुपयांचं खाणं घेतलं आणि त्याचा खर्च २५ रुपये धरला, तर आणखी ३ हजार सुटले. म्हणजे सिनेमा गिऱ्हाईक आणतो आणि कॅन्टीन धंद्याला हात देतं. तुमच्या धंद्यात "सिनेमा" कोणता आणि "पॉपकॉर्न" कोणता, हे वहीत लिहून काढलंय का?

४. रिकामी खुर्ची उद्या विकता येत नाही

किराणा दुकानातला साबण आज नाही तर उद्या विकला जातो. पण दुपारच्या खेळाची रिकामी खुर्ची खेळ सुरू झाला की कायमची वाया गेली. एसी, पगार, भाडं तेवढंच. म्हणून सकाळच्या खेळाला तिकीट स्वस्त ठेवतात. पार्लर, क्लासेस, रिक्षा, मेस, दुरुस्तीचं काम यांचं असंच आहे. तुमचे रिकामे तास कोणते, ते शोधा आणि त्या तासांसाठी वेगळा दर ठेवा.

सगळेच टिकतात असं नाही

हेही स्पष्ट सांगतो. कितीतरी एकपडदा थिएटरं बंद पडली. ऐंशीच्या दशकात गल्लोगल्ली निघालेली व्हिडिओ पार्लरं आणि कॅसेट लायब्रऱ्या आज शोधून सापडत नाहीत. त्यांचा सगळा धंदा एका डब्यावर उभा होता. याउलट घरोघरी वायर टाकणाऱ्या केबलवाल्यांपैकी अनेकांनी पुढे इंटरनेटची जोडणी द्यायला सुरुवात केली. घर तेच, ओळख तीच, दर महिन्याची वसुली तीच. फक्त वायरमधून जाणारा माल बदलला.

आज घरी टीव्हीवर, मोबाईलवर हवा तो सिनेमा मिळतो. तरीही 'सैराट'सारखा सिनेमा आला की लोक घरातून उठून, गाडी भरून थिएटरला जातात. अंधारात चारशे माणसांबरोबर हसायचं, शिट्टी मारायची, रडायचं, ही गरज मोबाईलने भागत नाही.

आता गृहपाठ. आज रात्री वही घ्या आणि तीन ओळी लिहा:

१. माझं मशीन उद्या बंद पडलं, तर गिऱ्हाईक माझ्याकडे कशासाठी येईल?
२. गर्दी आणणारी वस्तू कोणती, आणि नफा देणारी कोणती?
३. माझे कोणते तास रिकामे जातात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही, तर नवीन मशीनसाठी कर्ज काढायची घाई करू नका. आधी तुमच्या दहा जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, "तुम्ही माझ्याकडेच का येता?" त्यांची उत्तरं जशीच्या तशी लिहून घ्या. तुमचा खरा धंदा त्या दहा ओळींत सापडेल.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत कामाला लागा!