आखाड्यातली जोड

मराठीत ‘जोड’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. दंगलीत समोरासमोर उभे राहणारे दोन पहेलवान म्हणजे जोड. ‘जोड तोडीची लागली’ असं लोक म्हणतात, तेव्हा आता हे दोघं एकमेकांना पाडायला बघणार, हे ठरलेलंच. आणि रोज पहाटे ज्याच्या अंगाला अंग भिडवून आपण डाव शिकतो, तोही आपली जोडच. पाडणारा आणि घडवणारा, दोघांना शब्द एकच. मी कवितेच्या नादाला लागलेला माणूस, तेव्हा शब्दांत अडकणं आलंच. पण या शब्दाचा अर्थ मला कळला तो भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या एका आखाड्यात, तोही दुसऱ्याचं हाड मोडल्यावर.

गोष्ट 1985च्या आसपासची. आखाडा म्हणजे काय, वर कौलांची छपरी आणि खाली खणलेली माती. त्या मातीत हळद, तेल, ताक, कडुनिंबाचा पाला पडायचा. खरचटलं तरी जखम चिघळू नये म्हणून. कोपऱ्यात मारुतीची तसबीर होती. उस्ताद तिच्यापुढे उदबत्ती लावत आणि मग आम्ही सारे माती कपाळाला लावून आत उतरत असू. आम्ही दोन-तीन मुसलमान पोरं मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणायचो. उस्तादांना ते ठाऊक होतं. आमचे ओठ हलायचे थांबेपर्यंत ते जोडी लावत नसत.

जोडी कोणाशी कोणाची, हे उस्तादच ठरवत. वजन जवळपास सारखं हवं, एवढंच ते पाहत नसत. रागीट पोराला रागीट पोरासमोर ते कधी उभं करत नसत. माझ्या वाट्याला एका धानकऱ्याचा मुलगा आला. त्याचं नाव इथं घेत नाही, तो ते घेऊ देणार नाही.

जोर-बैठका एकट्यानं काढता येतात, दोर एकट्यानं चढता येतो. डाव मात्र एकट्याला शिकता येत नाही. आणि तो शिकायला समोरचा माणूस कसा लागतो? पहिल्या दिवशी त्यानं अंग सैल सोडावं, म्हणजे पाय कुठं टाकायचा ते आपल्याला समजतं. आठवड्यानं थोडा विरोध करावा, महिन्यानं पुरता. हे प्रमाण सांभाळणं सोपं नाही. नेहमी पडून देणारा जोडीदार आपल्याला खोटा भरवसा देतो आणि पहिल्या दिवसापासून ताकद लावणारा काही शिकूच देत नाही. माझ्या जोडीदाराला हे कोणी न शिकवता येत होतं. माझा डावा गुडघा कच्चा आहे, हे त्याला माहीत होतं. त्यानं सरावात त्या गुडघ्याला कधी झटका दिला नाही आणि बाहेर कोणाला ते कळूही दिलं नाही. अंगावर गजकर्ण उठलं, तर स्वतःहून सांगून तो आठ-दहा दिवस मातीबाहेर बसायचा.

त्या वर्षी नागपंचमीच्या दंगलीला पाच-सहा दिवस राहिले होते. छपरीभोवती बघे जमलेले. आम्ही धोबीपछाड घोटत होतो. या डावात समोरच्याचा हात खेचून त्याला पाठीवर घ्यायचं आणि पुढं आपटायचं. सरावाचा नियम असा, की तो जमिनीला टेकेपर्यंत त्याचा हात सोडायचा नाही. हात धरलेला असला की माणूस फिरून सपाट पाठीवर येतो. सुटला तर खांद्यावर किंवा मानेवर जातो. बघ्यांतून कोणीतरी ‘वाह रे पठ्ठे’ म्हणालं आणि मी ऐटीत हात सोडला.

गळ्याजवळचं, खांद्याला जाऊन मिळणारं हाड मोडलं. त्याचा आवाज मला ऐकू आला होता. पुढं कितीतरी दिवस तो झोपेतही येत राहिला.

दिवस धानाच्या रोवणीचे. घरात चिखलणीला बाप आणि हा, दोघंच. माझे अब्बा शिवणकाम करत. त्यांनी मला मारलं नाही. सकाळी माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि म्हणाले, “त्याच्या वाटचं काम तू कर.” वीसेक दिवस मी गुडघाभर चिखलात त्यांच्या बैलांमागं चाललो. काम मला धड येत नव्हतं. त्याचे वडील एका शब्दानं बोलले नाहीत, मी वाकडे मारलेले तास मात्र पुन्हा मारायचे. हात गळ्यात बांधून तो बांधावर बसायचा आणि बैल कसे वळवायचे ते मला सांगायचा.

जोडीदाराची ही गरज लहानथोर सगळ्यांना असते. 1910 साली गामा पहेलवान लंडनला गेले, तेव्हा धाकटा भाऊ इमामबक्ष सोबत होता. तिथं गामांनी पोलंडच्या झिबिस्कोशी अडीच तासांहून जास्त वेळ बरोबरीची कुस्ती खेळली, हे आपण ऐकतो. इमामबक्षनंही स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला हरवलं, हे फारसं कोणी सांगत नाही. परमुलखात रोज अंगाला अंग लावायला असा घरचा, तोही अव्वल दर्जाचा गडी असणं, ही गामांची केवढी मोठी शिदोरी असेल!

जपानच्या ज्यूदोत तर पडणाऱ्यालाही नाव आहे. फेकणारा तोरी, फेकला जाणारा उके. 1882 साली जिगोरो कानो यांनी ही विद्या उभी केली. तिच्यात फेकण्याआधी पडायला शिकवतात. पकड असह्य झाली की खालचा हातानं दोनदा थाप देतो आणि वरच्यानं त्याच क्षणी सोडायचं असतं. कोणाच्या हाती गळा द्यायचा, तो माणूस थाप ऐकणारा आहे का, एवढाच काय तो प्रश्न.

मुलींसाठी हा प्रश्न आणखी अवघड असतो. हरियाणातल्या बलाली गावात महावीर फोगाट यांनी मुलींना शिकवायला घेतलं, तेव्हा त्यांच्या जोडीला मुली कुठून आणायच्या? मुलांशीच लढवलं. पुढं गीता आणि बबिता या बहिणी एकाच आखाड्यातून वर आल्या. दिल्लीच्या 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीतानं सुवर्ण आणि बबितानं रौप्य जिंकलं.

म्हणून कोणी मला विचारलं, पोराला किंवा पोरीला कुठल्या आखाड्यात घालू, तर मी सांगतो, मॅट नवी आहे का, भिंतीवर किती ढाली आहेत, ते नंतर बघा. आधी कोपऱ्यात गुमान बसून दोन सकाळ सराव पाहा. एक जण पडला की पाडणारा काय करतो? हात देऊन उठवतो, की बघ्यांकडं बघतो? दुखावलेलं पोर ‘आज नको’ म्हणू शकतं का, आणि म्हणालं तर बाकीचे हसतात का?

माझा जोडीदार दिवाळीनंतर आखाड्यात परतला. उस्तादांनी त्याला विचारलं, “आता कोणासंगं?” आखाड्यात दहा-बारा पोरं होती. त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. मी मातीत उतरलो खरा, पण माझे हात लटपटत होते. तो म्हणाला, “धोबी मार. पण या खेपेस हात नको सोडू बा.” मी तो इतका घट्ट धरला, की तो पडल्या पडल्या हसत सुटला.

पुढं मी बी.ए. झालो, माती सुटली. तो धान करतो. नवी कविता झाली की आजही मी पहिल्यांदा त्यालाच वाचून दाखवतो. परवा एक ऐकवली. त्यानं मोडका कान खाजवला आणि म्हणाला, “शेवटच्या दोन ओळी तू लोकांकडं बघून लिवल्या.” त्या मी काढून टाकल्या.