एक कडे, दोन भाषा

कॅनडातील हिवाळा मोठा कडक असतो. देशाच्या बहुतेक भागांत वर्षाचे चार-पाच महिने जमीन बर्फाखाली असते आणि तळी गोठून पाषाणासारखी कठीण होतात. अशा मुलखातील मुलांनी आपले खेळ बर्फावरच मांडावेत, यात नवल नाही. तळव्याला पोलादी पाते बसविलेले बूट घालून ती बर्फावरून वाऱ्यासारखी सरकत जातात. आइस हॉकी हा त्यांच्या खेळांचा राजा. परंतु पुष्कळ वर्षे तो मुलग्यांचाच खेळ समजला जाई. बहुतेक गावांत मुलींना कडेच्या बाकांवर बसून भावांचे सामने पाहण्यातच समाधान मानावे लागे.

१९६३ साली ओंटारिओ प्रांतातील नॉर्थ बे या नगरात सॅम जॅक्स हे गृहस्थ उद्याने व क्रीडा विभागाचे संचालक होते. मुलींना बर्फावर खेळता येईल असा स्वतंत्र खेळ असावा, असे त्यांच्या मनाने घेतले. त्याच प्रांतातील एस्पानोला गावच्या रेड मॅकार्थी यांनी तेथील मुलींकडून हा खेळ खेळवून घेतला आणि त्याचे आरंभीचे नियम तयार केले. या खेळाचे नाव रिंगेट. हॉकीतील जड चकतीच्या जागी यात रबराचे एक पोकळ कडे असते. काठी सरळ असते, तिला वाकडे पाते नसते. काठीचे टोक कड्याच्या भोकात खुपसले, की कडे काठीबरोबर धावू लागते. आपल्याकडे शाळांतून रिंग टेनिस खेळताना जे रबरी कडे हातांनी झेलतात, त्याचाच हा बर्फावरचा भाऊबंद म्हणावा!

गोलरक्षक धरून प्रत्येक संघात सहा खेळाडू असतात. एकमेकींना अंगाने धडक देण्यास मनाई आहे. पण या खेळाचे खरे मर्म दुसऱ्याच एका नियमात आहे. मैदानावर आडव्या निळ्या रेषा आखलेल्या असतात. कोणतीही खेळाडू स्वतः कडे घेऊन ती रेषा ओलांडू शकत नाही. रेषेपलीकडे असलेल्या मैत्रिणीकडे तिने ते धाडलेच पाहिजे. त्यामुळे एखादी मुलगी कितीही चपळ असली, तरी तिला एकटीला सामना जिंकता येत नाही. नियम साधा आहे, पण त्याने सगळा खेळच बदलून टाकला आहे.

खेळ पसरू लागला, की एक अडचण हटकून उभी राहते. प्रत्येक गाव आपल्या सोयीने नियमांना मुरड घालते. मग दोन गावांचे संघ समोरासमोर आले, की खेळाऐवजी वादच रंगतो. यासाठी सर्वांना बांधून ठेवणारी एक मध्यवर्ती संस्था लागते. १९७४ साली ‘रिंगेट कॅनडा’ हा महासंघ स्थापन झाला. गावोगावच्या मंडळांची मिळून प्रांतिक संघटना आणि प्रांतिक संघटनांचा मिळून हा महासंघ, अशी त्याची रचना आहे. देशात या खेळाचे नोंदलेले खेळाडू तीस हजारांच्या आगेमागे आहेत. हॉकीचे खेळाडू पाच लाखांच्या घरात आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे रिंगेटचा संसार किती लहान आहे, याची कल्पना येते.

अशा छोट्या हौशी महासंघाचा कारभार चालतो तरी कसा? कचेरीत मोजकेच पगारी लोक असतात. बाकी सारा भार स्वयंसेवकांवर. कोषाध्यक्ष दिवसा कोठेतरी नोकरी करून रात्री संस्थेचे हिशोब पाहतो. एखाद्या समितीची प्रमुख मुलांना निजवून मगच पत्रांची उत्तरे लिहावयास बसते. मुलींची नोंदणी करणे, विमा उतरविणे, पंचांच्या परीक्षा घेणे, प्रशिक्षकांचे वर्ग भरविणे, बर्फाच्या मैदानांचे भाडे चुकते करणे, कोठे कोणते सामने व्हावयाचे याचे वेळापत्रक जुळविणे, ही कामे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. ती बिनबोभाट होतात तोवर कोणी त्यांची आठवणही काढत नाही. एखादे राहिले, की मात्र शंभर पत्रे येतात.

त्यातून देश अफाट. पूर्वेच्या सेंट जॉन्सपासून पश्चिमेच्या व्हँकूवरपर्यंतचे अंतर सुमारे ५,००० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरावरून सभासदांना दरवेळी एका जागी बोलावणे लहान संस्थेला परवडत नाही. म्हणून बहुतेक बैठका दूरध्वनीवरून किंवा संगणकाच्या पडद्यावरून होतात. तेथेही घड्याळ आडवे येते. कॅनडात सहा कालविभाग आहेत. शिवाय न्यूफाउंडलंडच्या वेळेत, आपल्या भारतीय वेळेप्रमाणेच, जादा अर्ध्या तासाची खुबी आहे. उन्हाळ्यात खेळ बंद असतो आणि कारभाराच्या बैठकांना ऊत येतो. त्या दिवसांत व्हँकूवरचा सभासद काम आटोपून संध्याकाळी साडेपाचला बैठकीस बसला, तर सेंट जॉन्सच्या सभासदाकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. एकाला भूक लागलेली असते आणि दुसऱ्याला झोप आलेली असते. अशा वेळी वादविवाद लांबला, तर दोष कोणाला द्यावा?

पण अंतरापेक्षाही नाजूक प्रश्न आहे तो भाषेचा.

कॅनडात १९६९ च्या कायद्याने इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांना राजभाषांचे स्थान मिळाले. म्हणून तेथील प्रत्येक माणसाला दोन्ही भाषा येतात, असे मात्र कोणी समजू नये. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे दोन्ही भाषांत संभाषण करू शकणारे लोक शंभरांत फक्त १८ होते. क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोकांची भाषा फ्रेंच आहे. पश्चिमेच्या प्रांतांत इंग्रजी आहे. अल्बर्टातील बारा वर्षांची खेळाडू आणि क्वेबेकमधील तिच्याच वयाची खेळाडू एका मैदानावर उतरल्या, तर खेळ दोघींचा एकच असतो, पण बोलणे एकमेकींना कळेलच अशी खात्री नसते. खेळाच्या नावाचा उच्चारसुद्धा दोघी निरनिराळा करतात.

अशा दोघींना न्याय सारखाच मिळावयाचा, तर नियमांचे पुस्तक दोन्ही भाषांत हवे आणि त्या दोन्ही पुस्तकांचा अर्थ तंतोतंत एक हवा. ऐकावयास हे सोपे वाटते. प्रत्यक्षात या कामाइतके किचकट काम महासंघात दुसरे नसेल. मराठीतलेच उदाहरण घ्या. ‘पंचाने खेळ थांबवावा’ या वाक्यात आज्ञा आहे. ‘पंच खेळ थांबवू शकतो’ यात नुसती मुभा आहे. भाषांतर करणाऱ्याने घाईत एकाच्या जागी दुसरे लिहिले, तर एका प्रांतात शिटी वाजेल आणि दुसऱ्या प्रांतात तोच खेळ पुढे चालू राहील. दोघेही पंच प्रामाणिक आणि दोघेही पुस्तकाला धरून वागणारे! मुलींना मात्र आपल्यावर अन्याय झाला असेच वाटणार.

शब्दांच्या खोड्या आणखीही आहेत. इंग्रजीत ‘प्लेअर’ म्हटले, की त्यात मुलगा व मुलगी दोन्ही येतात. आपल्या ‘खेळाडू’ शब्दाचेही तसेच आहे. फ्रेंचमध्ये मात्र खेळणारा निराळा आणि खेळणारी निराळी. तेव्हा मुलींसाठी जन्मलेल्या खेळाच्या पुस्तकात प्रत्येक वाक्यागणिक कोणते रूप घ्यावयाचे, हे आधी ठरवावे लागते. बर्फाला फ्रेंचमध्ये ‘ग्लास’ म्हणतात, आणि आइस्क्रीमलाही तोच शब्द चालतो. तेथे संदर्भामुळे कोणाची फसगत होत नाही, हे खरे. पण फ्रान्समधील फ्रेंच आणि कॅनडातील फ्रेंच यांतही फरक आहे. हॉकीच्या चकतीला फ्रान्समध्ये ‘पाले’ म्हणतात, तर क्वेबेकमधील मुले ‘रोंदेल’ म्हणतात. म्हणजे भाषांतरकाराला नुसते कोश पालथे घालून भागत नाही. बर्फाच्या मैदानाशेजारी उभे राहून मुले काय बोलतात, ते त्याला ऐकावे लागते. असा माणूस मिळणे कठीण. मिळाला तर त्याला मेहनताना द्यावा लागतो, आणि लहान संस्थेच्या थैलीत पैसा बेताचाच असतो.

येथेच खरा पेच पडतो. समजा, एखाद्या महासंघाकडे वर्षअखेरीस थोडी रक्कम उरली. ती मुलींच्या प्रवासासाठी वापरावी, की पंचांच्या पुस्तिकेच्या भाषांतरासाठी? इंग्रजी बोलणाऱ्या सभासदाला साहजिकच वाटते, की पुस्तिका तर तयार आहे, मुलींना प्रवासाला पाठवू या. फ्रेंच बोलणारा सभासद म्हणतो, की पुस्तिका तयार आहे ती तुमच्यासाठी. आमचे पंच परीक्षेला बसणार ते कशाच्या आधारावर? दोघांचेही म्हणणे खोटे नाही. परंतु दुसऱ्याच्या म्हणण्याला अधिक वजन द्यावे लागते. प्रवास एक वर्ष पुढे ढकलता येतो. ज्याला नियम वाचता येत नाहीत, तो मात्र खेळाबाहेरच राहतो.

ही केवळ कल्पनेतील अडचण नाही. राजभाषांच्या आयुक्तांनी २००० साली कॅनडाच्या क्रीडाव्यवस्थेची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. राष्ट्रीय पातळीवर पोहोचलेल्या फ्रेंचभाषक खेळाडूंना मार्गदर्शन आणि इतर सोयी आपल्या भाषेत सहजासहजी मिळत नाहीत, हे त्यातून पुढे आले. खेळातील कौशल्याखेरीज परकी भाषा शिकण्याचा भारही त्यांच्यावर पडत होता. पुढे २००३ साली क्रीडाविषयक नवा कायदा झाला. खेळातील तंटे सोडविण्यासाठी त्याअन्वये एक स्वतंत्र केंद्र निघाले. आपले गाऱ्हाणे इंग्रजीत मांडावे की फ्रेंचमध्ये, हे तेथे खेळाडूने ठरवावयाचे असते. केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या राष्ट्रीय महासंघांनाही दोन्ही भाषांतून सेवा द्यावी लागते.

दोन्ही पुस्तकांत फरक निघालाच तर काय करावयाचे? कॅनडाच्या केंद्रीय कायद्यांच्या बाबतीत उत्तर ठरलेले आहे: इंग्रजी पाठ आणि फ्रेंच पाठ दोन्ही सारख्याच अधिकाराचे. एक मूळ आणि दुसरे त्याची छाया, असे तेथे मानीत नाहीत. न्यायाधीश दोन्ही पाठ शेजारी ठेवून दोहोंना लागू पडणारा अर्थ शोधतात. खेळाच्या सामन्यात मात्र तेवढी सवड नसते. तेथे मुली बर्फावर धापा टाकीत उभ्या असतात आणि निर्णय क्षणार्धात द्यावा लागतो. म्हणून चूक आधीच, कचेरीतच पकडावी लागते. दोन भाषांतील प्रती घेऊन दोघांनी समोरासमोर बसावे, एकाने वाचावे, दुसऱ्याने बोट ठेवून पडताळावे. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण याहून चांगला उपाय नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेचेही असेच. सभेची सूचना कायद्याप्रमाणे किमान २१ दिवस आधी सभासदांच्या हाती जावी लागते. हिशोब, ठराव, मागील सभेचे इतिवृत्त, सगळे आधी तयार हवे. आणि दोन भाषांत द्यावयाचे, तर त्याहीपूर्वी तयार हवे. इंग्रजी कागद आज निघाला आणि फ्रेंच कागद दोन आठवड्यांनी निघाला, तर एका गटाला विचार करावयास तीन आठवडे मिळतात आणि दुसऱ्याला एकच. मत प्रत्येकाला एकच असले, तरी ही बरोबरी झाली असे कोण म्हणेल?

आता हा खेळ कॅनडाबाहेरही गेला आहे. फिनलंडमध्ये तो १९७९ साली पोहोचला. १९९० साली ओंटारिओतील ग्लॉस्टर येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. त्यानंतरच्या स्पर्धांत फिनलंडच्या खेळाडूंनी खेळाच्या मायभूमीला अनेकदा हार खावयास लावली आहे. अशा सामन्यांत मैदानावर तिसरी भाषाही ऐकू येते.

पंचाला मात्र यांतली कोणतीही भाषा मोठ्याने बोलावी लागत नाही. खेळाडूने कडे स्वतःच निळ्या रेषेपलीकडे नेले, की शिटी वाजते. पंच हाताने ठरलेली खूण करतो. खेळ पुन्हा सुरू करताना कडे जिच्याकडे येते, तिने ते पाच सेकंदांच्या आत सोडावयाचे असते. ती मान वर करून आपली मैत्रीण कोठे उभी आहे, ते पाहते. आणि कडे बर्फावरून सरकत रेषेपलीकडे जाते.